तिसऱ्यांदा मागितलेली माफी

धुवायला आलेला कपडा खोटे बोलत नाही, हे काउंटरवर बसू लागल्यापासून इस्त्रीवालीला कळले होते. आणि कळल्याचा तिला कसलाही आनंद नव्हता. गिऱ्हाईक समोर उभे राहून हवापाण्याविषयी, मुलांच्या परीक्षांविषयी गोड बोलत असे, आणि त्याच वेळी त्याच्या सदऱ्याची कॉलर तिच्या बोटांना निराळेच काही सांगत असे. दुसऱ्याच्या अंगाचा मळ रोज हाताळणाऱ्या माणसाला एक तर सगळ्यांची दया येते, नाही तर सगळ्यांची किळस. तिच्या वाट्याला किळस आली होती.

नववर्ष आणि मोठा उपवास यांच्या मधल्या दिवसांत ही किळस गळ्याशी येई. वस्तीतल्या, तिच्याच धर्माच्या, ज्यू कुटुंबांचे पांढरे झगे याच दिवसांत धुवायला येत. योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाला, पुरुष पांढरे घालून प्रार्थनालयात उभे राहतात. पापे धुतली जावीत म्हणून. ते झगे वर्षभर कपाटात कोंबलेले असत. गेल्या वर्षीच्या घामाने काखा पिवळ्या पडून कडक झालेल्या, खिशात वाळून दगड झालेला रुमाल, छातीवर तपकिरीचे शिंतोडे. गेल्या वर्षीचा पश्चात्ताप त्या झग्यांत तसाच आंबत पडलेला असे, आणि त्यावर नवा पश्चात्ताप करण्यासाठी मंडळी ते तिच्या पुढ्यात टाकून जात. "बाई, जरा छान पांढरे होऊ द्या हं. मोठा दिवस आहे."

"होतील," ती म्हणे, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी झगा उचलून टोपलीत टाकी. डाव्या हाताने तिला काही उचलता येत नसे.

त्या हाताची हकिगत वस्तीत सर्वांना ठाऊक होती; म्हणजे तिची जी आवृत्ती लॉन्ड्रीच्या मालकाने प्रसिद्ध केली होती, ती ठाऊक होती. काउंटरवरून दिसणाऱ्या मागच्या खोलीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करणारे यंत्र होते. तापलेला लांबलचक रोलर फिरत असे. ओली चादर एका बाजूने आत सरकवायची, पलीकडून ती कोरडी आणि कडक होऊन बाहेर येई. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी होती. चादरीबरोबर हात आत ओढला जाऊ लागला की मनगट दांडीला लागे, दांडी वर उचलली जाई आणि रोलर जागच्या जागी थांबे. पण दुमडलेली जाड शिवण आली तरी दांडी उचलली जाई आणि रोलर थांबे, आणि चादरींचा ढीग तुंबे. म्हणून एका सकाळी मालकाने स्वतः स्टुलावर चढून ती दांडी तारेने करकचून बांधून टाकली. तिच्या नवऱ्याने ते पाहिले. तो मालकाची डिलिव्हरी व्हॅन चालवत असे आणि त्या वेळी गाठोडी उचलायला आत आला होता. तिनेही पाहिले. त्यानंतर काही दिवसांनी रोलरने तिचा डावा हात आत घेतला आणि थांबला नाही.

सरकारी तपासनीस चौकशीला इस्पितळात आला, तेव्हा मालक खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसून तिच्यासाठी संत्रे सोलत होता. "कामगार सोयीसाठी स्वतःच बांधतात हो दांडी," तो म्हणाला. "किती वेळा सांगितलं. ऐकत नाहीत." तपासनिसाने तिच्याकडे पाहिले. "तुम्हीच बांधली होती?" नवरा खिडकीशी उभा होता आणि खिडकीबाहेर बघण्यासारखे काही नव्हते. तिने मान हलवली. होय अशी हलवली. मालकाने संत्र्याची एक फोड तिच्या ओठांपाशी धरली आणि तिने ती खाल्ली. हात गेलेली बाई काउंटरवर बसू शकते आणि व्हॅन कोणीही चालवू शकतो, हे तिघांनाही न बोलता कळत होते. त्या फोडीची चव तिला अजून कधी कधी जिभेवर येई. मग ती थुंकायला मोरीकडे जाई.

तिच्या जागी यंत्रावर आता तिची नणंद उभी राहत होती.

नणंदेला घरीदारी सगळे चिमणी म्हणत. नवऱ्याला सोडून ती भावाकडे राहायला आली होती, आणि एकदा तोंड उघडले की मिटायला विसरत असे. वहिनीने घाईपायी स्वतःच दांडी बांधली आणि हात घालवला, हे तिने सर्वांसारखेच खरे मानले होते. "मी काय तुझ्यासारखी धांदरट नाही, वहिनी," ती म्हणे. "मी आपली बोटं मोजून आत घालते आणि मोजून बाहेर काढते." कामगाराची चूक म्हणून तपासनीस यंत्र न पाहताच गेला होता, आणि तार अजून तशीच होती. आपण सावध आहोत म्हणून सुरक्षित आहोत, असा चिमणीचा समज होता. तो कशावर उभा आहे हे इस्त्रीवालीला माहीत होते, आणि ती नुसती हसून गप्प राही.

त्या वर्षी उपवासाच्या आठवड्यात एका सकाळी मोबाइलवर मालकाचा निरोप आला. जळत्या मेणबत्त्यांच्या चित्राखाली लिहिले होते: 'गेल्या वर्षभरात माझ्याकडून कळत नकळत कोणाचे मन दुखावले गेले असल्यास मी अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो.' तोच निरोप तिच्या नवऱ्याला आला होता, चिमणीला आला होता, साबणाच्या पुरवठादाराला आणि कोपऱ्यावरच्या चावीवाल्यालाही आला होता.

"चावीवाल्याचं काय दुखावलं असेल गं?" चिमणी म्हणाली.

"कुलूप," इस्त्रीवाली म्हणाली, आणि मोबाइल उलटा ठेवला.

तिच्या धर्माचा नियम या बाबतीत कडक आहे, आणि ती तो बापाच्या मांडीवर बसून शिकली होती. देवाशी केलेले पाप हा दिवस धुऊन टाकतो. माणसाशी केलेले पाप तो धूत नाही. ज्याचे वाईट केले त्याने माफ करावे लागते. म्हणून उपवासाआधी माणसाने दारोदार जाऊन माफी मागायची. पण तिच्या मते या नियमाला एक मागचे दारही होते. समोरच्याने नकार दिला तर पुन्हा जायचे, तरीही नकार दिला तर साक्षीला माणसे घेऊन तिसऱ्यांदा जायचे. आणि तिसऱ्यांदाही तो वितळला नाही, तर मागणारा सुटला. मग ते पाप नकार देणाऱ्याच्या निष्ठुरपणावर. नियम करणाऱ्यांना अडून बसलेल्या माणसांची काळजी असावी. हिशेबाने माफी मागणाऱ्याचा विचार त्यांनी केला नसावा, किंवा केला असेल आणि असा माणूस जन्मेल यावर त्यांचा विश्वास बसला नसेल.

दुसऱ्या दिवशी मालक काउंटरपाशी थांबला. प्रार्थनालयाचा अध्यक्षही तोच होता. कानाला मोबाइल होता आणि कोणाला तरी तो पडद्याविषयी सांगत होता. धर्मग्रंथ ठेवायच्या पवित्र कपाटापुढचा पांढरा पडदा दर वर्षी त्याच्याकडून फुकट धुऊन जाई. मोबाइलवर तळहात ठेवून तो तिला म्हणाला, "काय, केलंस ना माफ?"

"कशाबद्दल?"

"जे काही असेल त्याबद्दल."

"काय आहे?"

"बाई, आता सणासुदीच्या तोंडावर तेच उकरत बसायचं का?"

"मी उकरत नाही, मालक. वरच आहे ते. मागे जाऊन बघा, यंत्रावर बांधलंय."

तिच्याकडे तो क्षणभर असा पाहत राहिला, जसा एखादा डाग निघत नाही हे कळल्यावर धोबी कपड्याकडे पाहतो. मग मोबाइलवरचा हात काढून तो पुढे निघाला. जाता जाता लॉन्ड्रीवर देखरेख करणाऱ्या माणसाला हळूच म्हणाला, "दोनदा झालं हं. लक्षात ठेव."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मेणबत्त्यांचा निरोप त्याने पहिली खेप म्हणून धरला होता.

त्याच संध्याकाळी चष्मेवाले काका झगा न्यायला आले. प्रार्थनालयाच्या कमिटीवर असलेला हा माणूस वाईट नव्हता. त्याला भांडण बघवत नसे, एवढाच त्याचा दोष, आणि त्या दोषापायी त्याने आयुष्यभर बळ असलेल्याची बाजू घेतली होती. "पोरी, देऊन टाक गं माफी," ते म्हणाले. "तुझं काय जातं?"

"काका, तुमचा चष्मा मोडला आणि मी म्हटलं, 'कळत नकळत तुमचं काही मोडलं असेल तर माफ करा', आणि मोडका चष्मा माझ्याच हातात आहे. तुम्ही काय म्हणाल?"

"मी म्हणेन, आधी चष्मा दे."

"मग?"

काकांनी झगा उगाच उजेडात धरून पाहिला. "तिसऱ्यांदा येणार आहेत ते," ते म्हणाले. "मला साक्षीला बोलावलंय. तिसऱ्यांदा नाही म्हणालीस तर दोष तुझ्याकडे येतो, एवढं सांगायला आलो."

घरी नवऱ्याने तोच पाढा वाचला. भिंतीकडे तोंड करून तो बूट काढत होता. "मोठ्या माणसाशी वाकडं घेऊन काय मिळतं? तुझ्या हाताला बोटं फुटणार आहेत का?"

"तुम्ही बघितलं होतंत," ती म्हणाली.

"काय?"

"स्टूल."

बुटाच्या नाडीची गाठ त्याला सुटेना. स्वयंपाकघरातून चिमणी म्हणाली, "कसलं स्टूल?" मग ती पुन्हा भांड्यांशी बोलू लागली. नवऱ्याच्या पाठीकडे पाहताना इस्त्रीवालीला शिसारी आली. त्याची घामेजलेली मान, खाली घातलेले डोके, मूग गिळून बसण्याची ती जुनी सवय. मग तिच्या मनात आले की खाटेवर पडलेली तीही याच आकाराची दिसली असेल. तो विचार तिने तिथेच सोडून दिला. एका वेळी एकाच माणसाची किळस सोसवते.

उपवासाच्या आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी शेवटचे जेवण होते. पुढचा सबंध दिवस पाण्याचा थेंबही पोटात जायचा नसतो. म्हणून माणसे त्या जेवणाला अशी बसतात की जणू भूक हीच शिक्षा आणि ती आधीच चुकवता येईल. त्यांच्याकडे सूप होते, उकडलेले मांस होते, पाव होता. जेवण अर्धे झाले असता दारावर थाप पडली. मालक आत आला. त्याच्यामागे चष्मेवाले काका, दातांचा डॉक्टर आणि मालकाचा वकील असे तिघे ओळीने शिरले आणि लहानशा खोलीत भिंतीला लागून उभे राहिले. मालकाने पांढरा झगा आधीच घातला होता आणि पायांत कापडी बूट होते. त्या दिवशी चामडे घालायचे नसते. इतके शुभ्र, नवेकोरे कापडी बूट तिने दुकानाच्या काचेमागेच पाहिले होते.

"जेवा, जेवा," तो म्हणाला. "दोनच शब्द बोलायचेत. या तिघांच्या देखत मी तुझी माफी मागतो. जे काही झालं असेल त्याची."

"काय झालं होतं ते म्हणा," ती म्हणाली. "तेवढं म्हटलंत की मी लगेच माफ करते. आणि सकाळी तार सोडा."

मालकाने वकिलाकडे पाहिले. वकील म्हणाला, "विशिष्ट कृतीचा उल्लेख करण्याचं कारण नाही. सर्वसाधारण क्षमायाचना पुरेशी आहे."

"देवाला पुरेशी आहे की कोर्टाला?"

दातांच्या डॉक्टरने खोकला काढला. चष्मेवाले काका सुपाच्या भांड्याकडे पाहत होते. मालकाचा चेहरा प्रथमच बदलला. "तार मी बांधली असं म्हणायचंय ना तुला?" तो म्हणाला. "मग तपासनिसासमोर मान कोणी हलवली? मी हलवली? माझ्या हातचं संत्रं खात खात कोणी हलवली? खोटं बोलताना नाही लाज वाटली, आणि आता मला नीतीचे धडे?"

टेबलाच्या त्या टोकाला चिमणीचा हात पावावर थांबला होता.

ताकाला जाऊन भांडे लपवणारा माणूस रागाच्या भरात भांडेच टेबलावर आपटून गेला होता. आपण काय बोललो हे मालकाला कळले की नाही, सांगता येत नाही. वकिलाला कळले, कारण त्याने मालकाची बाही धरली. "माफ करतेस की नाही?" मालकाने विचारले.

"नाही."

"ऐकलंत तिघांनी," तो म्हणाला. आणि त्याच्या चेहऱ्यावर जे पसरले ते तिने नीट पाहिले. तो राग नव्हता आणि दुःखही नव्हते. बद्धकोष्ठाच्या माणसाला सकाळी जी सुटका लाभते, ती होती. तो जवळजवळ प्रसन्नपणे म्हणाला, "उपवास सोपा जावो," आणि चौघे निघून गेले.

इस्त्रीवालीने ताट सारले. तिला वाटले होते की नकार दिल्यावर आपल्याला स्वच्छ वाटेल. चिमणी उठली, तिने आपले ताट घासून ठेवले आणि ती प्रार्थनेला जायचे कपडे घालू लागली. त्या घरात चिमणीचा आवाज नाही अशी ती पहिलीच संध्याकाळ होती.

दुसऱ्या दिवशी, उपवासाच्या दिवशी, बायकांच्या सज्जात चिमणी वहिनीशेजारी बसली नाही. ती मागच्या बाकावर जाऊन बसली. सज्जातली हवा दुपारपर्यंत जड झाली होती. न धुतलेली तोंडे, कोरड्या जिभा, गळ्यावर काल फासलेल्या अत्तराचा शिळा वास. उपाशी माणसांच्या श्वासाला एक आंबट धातूचा वास येतो आणि तो शेकडो माणसांचा एकत्र वर चढतो. बायका एकमेकींना विचारत होत्या, "कसा चाललाय?" आणि उत्तरात डोकेदुखी मिरवत होत्या. एकीला चक्कर आली, तर दुसरीने तिच्यापेक्षा मोठ्या चकरेची आठवण काढली. खाली पांढऱ्या झग्यांची रांग होती. प्रत्येक झगा तिच्या ओळखीचा होता. पुढे, पवित्र कपाटावर, नवा धुतलेला पडदा लोंबत होता. त्याच रोलरमधून तो गेला होता, त्याच बांधलेल्या दांडीखालून, आणि चिमणीने तो बोटे मोजून आत घातला होता.

कबुलीची प्रार्थना पुन्हा पुन्हा येत राहिली. सगळे उभे राहून मुठीने छातीवर हलके ठोकत म्हणतात: आम्ही अपराधी झालो, आम्ही दगा दिला, आम्ही लुबाडले, आम्ही खोटे बोललो. वर्षानुवर्षे तिला या 'आम्ही'चा संताप येई. इतक्या माणसांनी मिळून एक पाप उचलले की कोणाच्याच वाट्याला त्याचे वजन येत नाही. मालकाची मूठ त्याच्या छातीवर पडे ती दारावरच्या शिष्ट पाहुण्यासारखी, कोणी उघडू नये अशा बेताने. ती वरून त्या मुठीवर डोळे लावून बसली होती. आम्ही खोटे बोललो, असे सगळे म्हणाले, आणि तिचीही मूठ तिच्या छातीवर पडली. आणि ती तितकीच हलकी पडली, हे तिला स्पष्ट जाणवले.

तिने मालकाला म्हटले होते: काय झाले ते म्हण. आणि मागच्या बाकावर बसलेल्या बाईला तिने स्वतः काय म्हटले होते? मालकाची तार नुसती यंत्रावर होती. तिची मान त्या तारेवरची गाठ होती. तिने होय म्हटले नसते, तर तपासनिसाने तार सोडवून घेतली असती, आणि चिमणी थांबणाऱ्या रोलरपुढे उभी राहिली असती. आपल्या नकाराला ती इतके दिवस अंगठीसारखे जपत आली होती. त्या नकाराने चिमणीचे एक बोटही वाचत नव्हते.

दुपारच्या प्रार्थनेनंतर थोडी विश्रांती होती. माणसे अंगणातल्या बाकांवर आडवी झाली होती. चिमणी नळापाशी उभी होती. पाणी प्यायचे नसले तरी नळाजवळ गार वाटते. इस्त्रीवाली तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दांडी मालकाने बांधली," ती म्हणाली. "सकाळी, स्टुलावर चढून. मी पाहिलं, तुझ्या भावानेही पाहिलं. तपासनिसाने विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी बांधली. काउंटरच्या जागेसाठी आणि व्हॅनसाठी मी शेण खाल्लं. मग तू त्या यंत्रावर आलीस, आणि रोज तुला आत जाताना बघून मी गप्प राहिले. तुला सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नाही. माझी चूक झाली. मला माफ कर."

चिमणीने तिच्या हाताकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. "मी बोटं मोजायचे," ती म्हणाली. "रोज मोजायचे. तू काउंटरवरून बघायचीस आणि हसायचीस."

"हो."

"मला वाटायचं, वहिनीला माझी गंमत वाटते."

इस्त्रीवालीने डावा हात पाठीमागे घेतला.

"पहिल्यांदा विचारलंस ना?" चिमणी म्हणाली. "मग नाही. मालकासारखी दोनदा आणखी ये, नि साक्षीला डॉक्टर आण."

"साक्षीला आणीन. पण इथे नाही. आज दिवस बुडाला की मालक तुला कामावर बोलावणार आहे ना?"

"हॉटेलच्या चादरी तुंबल्यात. उपवास सुटल्याचं शिंग वाजलं की सरळ ये म्हणालाय."

"मी तुझ्याबरोबर येते," इस्त्रीवाली म्हणाली.

शेवटच्या प्रार्थनेला कपाटाची दारे उघडण्याचा मान मालकाला होता. पांढरा पडदा त्याने दोन्ही हातांनी बाजूला केला, त्याच्याकडे दोन चांगले हात होते, आणि सबंध प्रार्थना तो उघड्या कपाटापुढे न थकता उभा राहिला. लोक म्हणाले, काय भक्ती आहे. मग मेंढ्याचे शिंग एकदाच लांब वाजले, आणि पुरुष भराभर झगे उतरवून अन्नाकडे धावले.

नवरा दाराशी व्हॅनची चावी बोटाभोवती फिरवत उभा होता. "घरी चला," तो म्हणाला. "सूप आहे."

"व्हॅनमध्ये पक्कड आहे?" चिमणीने विचारले.

"आहे. का?"

"तू पाहिलं होतंस म्हणे, दादा."

चावी फिरायची थांबली. त्याने बायकोकडे पाहिले. तिने नजर हलवली नाही. तो व्हॅनपाशी गेला आणि सीटखाली चाचपू लागला. पक्कड सापडायला त्याला गरजेपेक्षा बराच जास्त वेळ लागला. पण तो रिकाम्या हाताने परत आला नाही.

मागच्या खोलीत दिवे लागले होते आणि रोलर फिरत तापत होता. दोन धुलाईवाले गाठोडी सोडत होते. मालक खुर्चीत बसून केक खात होता. उपवास सुटल्यावरचे पहिले घास तो उभ्याउभ्याच गिळायला लागला असावा, कारण सदऱ्याच्या पुढच्या भागावर क्रीम सांडले होते आणि बोटे ओठांतच होती. झगा खुर्चीच्या पाठीवर लोंबत होता. "आलीस? लाव चल," तो चिमणीला म्हणाला, मग मागच्या दोघांना पाहून थांबला.

इस्त्रीवाली धुलाईवाल्यांकडे वळली. "ऐकून ठेवा," ती म्हणाली. "ही दांडी मालकांनी बांधली. मी बांधलेली नाही. तपासनिसाला मी खोटं सांगितलं. उद्या त्याच्या कचेरीत जाऊन मी खरं सांगणार आहे."

"मीही," नवरा म्हणाला. आवाज इतका बारीक होता की धुलाईवाल्यांपैकी एकाने "काय?" असे विचारले, आणि त्याला ते पुन्हा म्हणावे लागले.

मालकाने घास गालात सारला. "मी तीनदा आलो होतो तुझ्याकडे," तो म्हणाला. "साक्षीदार आहेत. माझ्याकडून मी मोकळा झालोय."

"झाला असाल. ते तुमचं तुम्ही बघा."

"चावी ठेव," मालक नवऱ्याला म्हणाला. "आणि तू उद्यापासून काउंटरवर दिसू नकोस."

नवऱ्याने चावी टेबलावर ठेवली, केकच्या बशीपासून जरा दूर. चिमणी तोवर स्टुलावर चढली होती. तार जुनी होती, उष्णतेने काळी पडून दांडीच्या अंगात रुतली होती. पक्कड दोनदा घसरली. शेवटी तार तुटली आणि वाफेच्या पाइपवर आपटून खाली पडली. चिमणीने खाली उतरून मनगट दांडीला लावले. दांडी खडखडत उचलली गेली. रोलर थांबला.

तिने ते पुन्हा करून पाहिले. मग आणखी एकदा.

"खेळ झाला असेल तर चादरी घे," मालक म्हणाला. "सकाळी हॉटेलला गेल्या पाहिजेत."

"घेते," चिमणी म्हणाली. "हळू घेणार पण." आणि पहिल्या ओल्या चादरीची कड पकडून, वहिनीकडे न पाहता म्हणाली, "माफ केलेलं नाही मी तुला. पलीकडे जा आणि धर."

इस्त्रीवाली मोरीच्या नळाला तोंड लावून पाणी प्याली. मग पलीकडे जाऊन एका हाताने बाहेर येणारी गरम चादर ती धरू लागली. चादरीची जाड शिवण तोंडाशी आली, दांडी उचलली गेली आणि रोलर थांबला. चिमणीने शिवण सपाट केली आणि पुन्हा सुरू केला. पुढच्या चादरीला तो पुन्हा थांबला. मालकाने गालातला घास न गिळताच घड्याळाकडे पाहिले.